मीठ, आयोडीन आणि मेंदू

बुद्धिवर्धक म्हणून विकली जाणारी पूरके पुष्कळ आहेत. पण मेंदूसाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो रोजच्या मिठात मिसळलेल्या आयोडीनचा. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या पंजाबातल्या कांगडा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन ठिकाणी गलगंड झपाट्याने घटला, तिसरीकडे तसाच राहिला. पुढे तिथेही आयोडीन पोहोचल्यावर तो ओसरला.

कोणी म्हणेल, हा तर गळ्याचा आजार. पण गर्भातल्या मेंदूची वाढ थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि ते आयोडीनशिवाय बनत नाही; म्हणूनच तीव्र कमतरतेच्या डोंगराळ मुलखात बौद्धिक वाढ खुंटलेली, मूकबधिर मुले जन्मत. आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीमुळे छोट्या मिठागरांवर बोजा पडतो, हा आक्षेप खरा आहे आणि त्यांना मदत मिळायलाच हवी. केंद्राने २००० साली साध्या खाद्यमिठावरची बंदी उठवली, २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. ती योग्यच होती, कारण गर्भातल्या जिवाला निवडीचे स्वातंत्र्य नसते. मात्र शरीरात आयोडीन पुरेसे असेल तर ते जास्त घेतल्याने बुद्धी वाढत नाही. उलट थायरॉइडचे काम बिघडू शकते.