अजिंठ्याच्या नकला आणि लंडनचें संग्रहालय

अजिंठ्याच्या भिंतींवरून जें रंगकाम झडून गेलें, त्याचा माग काढणाऱ्यास आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचें दार ठोठवावें लागतें. रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून कित्येक वर्षें राबून केलेल्या तैलरंगी नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या आगींत भस्म झाल्या. १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह तेंच काम पुन्हा आरंभिलें. त्यांतीलहि पुष्कळ नकला १८८५ सालीं साऊथ केन्सिंग्टन येथें जळाल्या.

उरलेल्या नकलांत युरोपीय वळण मिसळलेलें आहे, हें खरें. शिवाय नकलेच्या सोयीसाठीं मूळ चित्रांवर वार्निश चढविलें गेलें व तें पुढें काळवंडलें. म्हणजे ज्या हातांनीं चित्रें राखिलीं, त्यांनींच तीं बिघडविलींहि. तथापि जेथें मूळच नाहींसें झालें, तेथें अभ्यासकास याच नकलांचा आधार उरतो.

खानदेशास ही कथा परकी नव्हे. गिल १८७९ सालीं वारले. त्यांची कबर भुसावळास आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत जुनीं दप्तरें चाळणारांस तर हें सहज पटेल कीं, नक्कल तपासून घ्यावी, पण टाकूं नये.