जीपवाल्यांचा क्लब

२०१० साली मी सातवीत होतो. आयपीएलचा तिसरा हंगाम सुरू होता आणि पेपरचं मागचं पान क्रिकेटनं भरलेलं असायचं. त्याच वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल क्लब बंद झाला. मला त्याचा पत्ताही लागला नाही. लागला तो पंधराएक वर्षांनी, ऑफिसच्या फुटबॉल ग्रुपवर कुणीतरी कूपरेज मैदानावरचा एक जुना फोटो टाकला तेव्हा. खाली कॅप्शन होतं, ‘आपली मुंबई भारताची चॅम्पियन होती.’

मला ती थाप वाटली. शोधलं, तर खरं निघालं.

महिंद्रा कंपनीनं १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. फुटबॉलचा संघ उभा राहिला १९६२मध्ये. म्हणून या खेळाडूंना ‘जीपमेन’ म्हणायचे. तेव्हाच्या मुंबईत हे नवलाचं नव्हतं. गिरण्या, बँका, रेल्वे, टाटा, एअर इंडिया अशा सगळ्यांचे संघ होते. फुटबॉल खेळून पोट भरत नसे, पण फुटबॉल येतो म्हणून नोकरी मिळे. खेळाडू मस्टरवर सही करायचा, संध्याकाळी मैदानावर जायचा आणि गुडघा गेला तरी त्याचा पगार चालू राहायचा. भारतीय फुटबॉलच्या कितीतरी घरांची चूल अशी पेटली. हे विसरून कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे.

१९९६मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली आणि गणित बदललं. पहिलंच विजेतेपद एका कारखान्याच्या संघानं नेलं, पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सनं. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन तेव्हा त्या संघात होते. आता खात्याचा संघ पुरेसा नव्हता, क्लब हवा होता. २०००मध्ये महिंद्रानं संघाच्या नावापुढे ‘युनायटेड’ लावलं. डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २००५-०६ला त्यांनी फेडरेशन कप जिंकला आणि त्याच हंगामात लीगही. त्या लीगच्या अकरा हंगामांत मुंबईत आलेलं हे एकमेव विजेतेपद.

त्यानंतर चार वर्षांत क्लब बंद. संघ तळाला गेला नव्हता, कंपनी बुडाली नव्हती. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देऊ, असं कंपनीनं ठरवलं. पुढच्या वर्षी जेसीटीही गेला. तो मात्र आय-लीगमधून खाली घसरला होता. फुटबॉलमधून कंपनीचं नाव लोकांसमोर पुरेसं येत नाही, असा जेसीटीचा सूर होता. म्हणजे हरणाराही बंद झाला आणि जिंकून बसलेलाही. २०१३मध्ये लायसन्सिंगच्या नव्या नियमांमुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर पडले, आणि एक अख्खी व्यवस्था संपली.

कारखान्याचा क्लब टिकतच नाही का? टिकतो. जर्मनीत बायर या रंग आणि औषधांच्या कंपनीतल्या विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कामगारानं नोव्हेंबर १९०३मध्ये व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, ‘आम्हाला क्रीडामंडळ हवं.’ खाली १७० सह्या होत्या. १९०४मध्ये मंडळ सुरू झालं, तेच आजचं बायर लेव्हरकुसन. २००२मध्ये त्यांनी लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही शेवटच्या टप्प्यावर गमावलं. लोकांनी टोपणनाव ठेवलं ‘नेव्हरकुसन’. तरी कंपनीनं संघ मोडला नाही. २०२४मध्ये एकही सामना न हरता ते लीग जिंकले, स्थापनेनंतर १२० वर्षांनी.

मला आधी वाटलं, तिथे क्लब चाहत्यांच्या मालकीचा असेल. पण तसं नाही. जर्मनीत क्लबमध्ये सभासदांच्या हाती बहुमत असावं असा नियम आहे, आणि बायरला त्यातून सूट आहे. मालकी पूर्ण कंपनीची. मग फरक कुठे पडला? माझ्या मते दोन ठिकाणी. एक म्हणजे ते गावच कारखान्याभोवती वाढलंय, त्यामुळे क्लब बंद करणं म्हणजे गावाच्या तोंडावर दार आपटणं. आणि दुसरं, तिथल्या लीगला टीव्हीचे पैसे आहेत, भरलेली स्टँड्स आहेत. क्लब कंपनीकडून घेतो, तसं कंपनीला काही परतही देतो. फगवाड्याकडे पहिली गोष्ट थोडीफार असेल, दुसरी नव्हती. मुंबईत दोन्ही नव्हत्या. सव्वा कोटींच्या शहरात एका क्लबची उणीव कुणाला जाणवणार?

हे मला इतकं का लागलं, तेही सांगतो. मागच्या वर्षी मी तीन वर्षं घासलेलं प्रॉडक्ट एका मेलनं बंद झालं. बग नव्हते, वापरणारे खूश होते. फक्त एक्सेलमधली ती ओळ कुणालातरी नकोशी झाली. मला दुसऱ्या टीमला टाकलं, पगार चालू राहिला. तरी आठवडाभर मी जुन्या रेपोमध्ये उगाच फिरत होतो.

जीपमेनचं असंच झालं असेल, असं मी म्हणणार नाही. त्यांचं आयुष्य पणाला होतं, माझं नव्हतं. पण एक गोष्ट समजली. दुसऱ्याच्या बजेटवर उभी असलेली गोष्ट कितीही सुंदर असली, तरी ती आपली करून घ्यायला वेळ कमी असतो. तिकीट काढून मैदानात जायचं असतं, नाव घेत राहायचं असतं. मुंबईनं ते केलं नाही. मीही नाही. मी तेव्हा क्रिकेटचं पान वाचत होतो.

तो फोटो मी सेव्ह करून ठेवलाय. ग्रुपवर त्याला फक्त चार लाइक्स आले होते.