वेगवान न्यूटनी दुर्बिणीची कुळकथा

आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये केलेल्या परावर्ती दुर्बिणीचे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सुमारे पाचपट होते. म्हणजे आजचे खगोल-छायाचित्रकार जिला ‘फास्ट’ म्हणतात, तशीच ती एफ/५ च्या आसपासची होती. मात्र आरसा मिश्रधातूचा, लवकर काळवंडणारा. आणि छायाचित्रणाचा शोध लागायला अजून दीड शतकाहून अधिक काळ होता.

१८५० च्या दशकात श्टाइनहाइल आणि फुको यांनी काचेवर चांदीचा मुलामा चढवून आरसे केले. अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये ३६ इंची आरशाने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. डोळ्यांना कधीच न दिसलेले तारे त्यात उमटले. पसरट, अंधूक तेजोमेघाची प्रतिमा किती उजळ हे आरशाच्या व्यासावर नव्हे, तर नाभीय गुणोत्तरावर (नाभीय अंतर भागिले व्यास) ठरते. एफ/८ ला चार तास लागत असतील, तर एफ/४ ला एकच तास पुरतो.

तेजस्वी वस्तूंचे गणित वेगळे असते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाकडून जेऊरकडे जाताना तेव्हाच्या सातारा जिल्ह्यावरून सरकली. आज सांगलीत असलेले काही तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. जेऊरला पुण्याच्या कावसजी नायगमवालांची तुकडी होती, तशी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचीही. लिकच्या कॅमेऱ्याचे भिंग ५ इंची आणि नाभीय अंतर ४० फूट, म्हणजे जवळजवळ एफ/९६. सूर्याच्या प्रभामंडलासाठी एवढा ‘मंद’ कॅमेराही पुरेसा होता. त्याच वर्षी लिकच्या डोंगरावर जेम्स कीलर यांनी कॉमन यांचाच तो ३६ इंची, एफ/५.८ चा परावर्तक हाती घेतला आणि सर्पिल तेजोमेघांच्या छायाचित्रांनी खगोलशास्त्राची दिशा बदलली.

वेगाची किंमत मोजावी लागते. अन्वस्ताकार आरशात मध्याबाहेरचे तारे धूमकेतूसारखे शेपटाळतात. हा कोमा-दोष गुणोत्तराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, तर आरसे जुळवण्यातली चालणारी चूक घनाच्या प्रमाणात आकसते. एफ/८ च्या तुलनेत एफ/४ ला आठपट काटेकोरपणा हवा. फ्रँक रॉस यांनी १९३० च्या दशकात यावर सुधारक भिंगे काढली. पालोमारच्या २०० इंची, एफ/३.३ दुर्बिणीला ती लाभली आणि १९४९ मध्ये एडविन हबल यांनी तिच्यातून पहिले छायाचित्र घेतले. आजच्या हौशी छायाचित्रकाराचा ‘कोमा करेक्टर’ याच घराण्यातला.

त्या ग्रहणाच्या वाटेवरच्या सातारा-सांगली भागात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर असतो, त्यामुळे दुर्बीण पेलणाऱ्या माउंटचा ध्रुवाक्ष बराच खाली झुकवावा लागतो. पावसाळा वाया जातो. पण हिवाळ्यात मृगाचा तेजोमेघ आकाशात बराच उंच येतो, आणि एप्रिलमध्ये मध्यरात्री उत्तर युरोपला कधीच न दिसणारा ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे २५ अंश चढतो. एफ/४ घेणाऱ्याने मोठ्या आरशाआधी करेक्टर आणि आरसे जुळवण्याचे साधन यांवर पैसे खर्चावेत.