रायपूरचे व्हान्स ॲग्न्यू : एका जोडनावाचा माग

१८२० साली छत्तीसगढ सुभ्यावर एक सविस्तर अहवाल लिहिला गेला. साधारण शतकभराने नागपूरच्या सरकारी छापखान्याने तो छापला. त्यावर लेखकाचं नाव पी. व्हान्स ॲग्न्यू असं आहे. छत्तीसगढच्या इतिहासाची आज वाचली जाणारी पुस्तकं मात्र याच माणसाला नुसतं ‘कर्नल एगन्यू’ म्हणतात. नावाचा पहिला अर्धा भाग वाटेत कुठेतरी गळाला, आणि त्याबरोबर बराच इतिहासही गळाला. तो परत जोडता येतो, कारण हे आडनाव ज्या घराण्याचं आहे त्याचे कागद शिल्लक आहेत.

आधी रायपूरची बाजू. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरचे आप्पासाहेब भोसले हरले. पुढच्या वर्षी तिसरे रघुजी गादीवर बसले. ते अल्पवयीन होते, म्हणून राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स यांच्या हाती गेला. छत्तीसगढ बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून रतनपूरहून चालत असे, आणि १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार तिथला कारभार बघत. यादवराव दिवाकर या मालिकेतले शेवटचे. आता तिथे सुपरिंटेंडेंट आला. पहिले एडमंड्स थोडाच काळ टिकले. त्यांच्यानंतर १८१८ ते १८२५ ही सात वर्षं ॲग्न्यूंची.

रायपूरवर त्यांचं ऋण आहे ते एका निर्णयाचं. त्यांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. २७ परगण्यांची फेरमांडणी करून आधी ८ आणि मग बालोद धरून ९ परगणे केले. सोनाखानचे जमीनदार रामराय यांचा उठावही याच काळातला. म्हणजे आज राजधानी असलेल्या या शहराच्या चरित्रातला एक मोठा वळणबिंदू या माणसापाशी आहे. त्याचं नाव तरी आपण पूर्ण लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता नाव. वाचताना ते इंग्रजी वाटतं, आणि आपल्याकडे कंपनीचा प्रत्येक अधिकारी ‘इंग्रज’च असे. हे घराणं मात्र स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य टोकाचं, विगटाउनशायरमधल्या बार्नबॅरोखचं. त्याहून मागे गेलं तर मूळ नॉर्मंडीत सापडतं. लॅटिन दस्तऐवजांत या कुळाचं नाव ‘द व्हॅलिबस’ आहे, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतले. फ्रेंच रूप ‘द व्हो’. एडिनबरोच्या पूर्वेला डर्लटनचा किल्ला आहे, तो मध्ययुगात याच कुळाकडे होता. स्कॉटिश कागदांत पुढे ते व्हॉस झाले. सोळाव्या शतकातले सर पॅट्रिक हे राजा सहाव्या जेम्सच्या दरबारातले न्यायाधीश. राजाच्या लग्नाची बोलणी करायला ते १५८७ साली डेन्मार्कला वकील म्हणून गेले होते. त्यांचा पत्रव्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्यातल्याच रॉबर्ट व्हान्स ॲग्न्यू यांनी संपादून छापला. त्या पुस्तकाच्या नावात सर पॅट्रिकांचं आडनाव व्हॉस आहे आणि संपादकाचं व्हान्स. घराणं एकच.

हा फरक हस्ताक्षराने घडवला. जुन्या लिखाणात रोमन लिपीतली ‘यू’ आणि ‘एन’ ही अक्षरं जवळजवळ सारखीच काढत. वाचणाऱ्याने ‘यू’ला ‘एन’ वाचलं आणि व्हॉसचं व्हान्स झालं. मोडी कागद चाळलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नवल इतकंच की चुकीचं वाचन घराण्याने स्वतः स्वीकारलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं.

दुसरा भाग ॲग्न्यू. तोही नॉर्मंडीतल्या आन्यो या गावावरून आला असं मानतात. (आयर्लंडमधल्या ओ ग्नीव्ह या कविकुळानेही पुढे ॲग्न्यू हेच रूप घेतलं, त्यामुळे प्रत्येक ॲग्न्यू एका मुळाचा धरू नये.) लॉखनॉचे ॲग्न्यू १४५१ पासून गॅलोवे भागाचे वंशपरंपरागत शेरिफ होते. आपल्याकडच्या देशमुखीसारखं ते वतन होतं. असे सगळे अधिकार ब्रिटिश पार्लमेंटने १७४७ मध्ये काढून घेतले. याच कुळाची एक शाखा श्यूखन इथे होती. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथे वारस उरली ती मार्गारेट ही मुलगी. तिचं लग्न बार्नबॅरोखच्या जॉन व्हान्सशी झालं, आणि श्यूखनच्या मिळकतीबरोबर ॲग्न्यू हे नावही व्हान्स घराण्याने घेतलं. जोडनाव तिथून सुरू होतं.

म्हणूनच हे नाव पुराव्याच्या कामाचं आहे. नुसते ॲग्न्यू पुष्कळ सापडतात, व्हान्स ॲग्न्यू मात्र या एका लग्नातूनच आले. ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशात पॅट्रिक अलेक्झांडर व्हान्स ॲग्न्यू यांची नोंद आहे. वडील लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक व्हान्स ॲग्न्यू, कंपनीचे एक संचालक. मुलाचा जन्म १८२२ सालचा, नागपूरचा. हे साल आणि हे गाव रायपूरच्या कारभाराशी जुळवून पाहावं: त्या वर्षी या नावाचा अधिकारी नागपूरच्या राज्यातच छत्तीसगढ सांभाळत होता. अहवालावरचा पी. आणि मुलाचा बाप हे एकच, असं म्हणायला हा आधार मला पुरेसा वाटतो.

या मुलाचं नाव हिंदुस्थानच्या इतिहासात बापापेक्षा मोठं झालं, आणि दुःखद रीतीने. एप्रिल १८४८ मध्ये दिवाण मूलराजांकडून कारभार घ्यायला तो लेफ्टनंट अँडरसनबरोबर मुलतानला गेला आणि तिथे दोघेही मारले गेले. तो जेमतेम सव्विशीतला होता. त्यातून दुसरं शीख युद्ध पेटलं आणि १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला.

नागपूरकडे पुन्हा पाहिलं की या आडनावाची एक बाजू आपल्याला फार जवळची वाटते. ज्यांच्या नावाने ॲग्न्यू रायपुरात कारभार करत होते ते तिसरे रघुजी जन्माने भोसले नव्हते. दुसऱ्या रघुजींची कन्या बनूबाई यांचे ते पुत्र, मूळचे गुजर, बाजीबा. दत्तक घेऊन त्यांना भोसले केलं गेलं. मुलीकडून वारसा आला आणि त्याबरोबर कुळाचं नावही. श्यूखनमध्ये झालं तेच नागपुरात झालं, आणि १८१८ मध्ये कंपनीने ते मान्य केलं. १८३० मध्ये छत्तीसगढ रघुजींच्या ताब्यात परतही दिलं. पण डिसेंबर १८५३ मध्ये ते निपुत्रिक वारले तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस मानायला नकार दिला. घराण्याने दत्तक घेतलेल्या यशवंतरावांना गादी मिळाली नाही. १८५४ मध्ये नागपूरबरोबर छत्तीसगढही खालसा झालं. हा अन्याय होता. ज्या देशात मुलीच्या हाताने मिळकत आणि नाव दुसऱ्या कुळात जाणं कायद्याला चालत होतं, तिथल्या सत्ताधाऱ्यांनी तो केला.

रायपूरच्या अभ्यासकांना एकच विनंती. हे नाव कुठल्या सूचीत ‘ॲग्न्यू’खाली आहे, तर कुठे ‘व्हान्स’खाली. जुन्या घराणेपत्रांत ते ‘व्हॉस’ म्हणूनही येतं. तिन्ही ठिकाणी शोधावं, आणि लिहिताना पूर्ण लिहावं: पॅट्रिक व्हान्स ॲग्न्यू.