डायरेक्ट डेबिट (घरगुती ऊर्जा देयके)

डायरेक्ट डेबिट ही ग्रेट ब्रिटनमध्ये घरगुती वीज व गॅसच्या देयकाची रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यातून परस्पर वळती करून घेण्याची पद्धत होय. स्थिर प्रकारात वर्षभराच्या अंदाजित वापराची मासिक सरासरी कापली जाते. उन्हाळ्यात साठलेली शिल्लक हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याच्या खर्चास उपयोगी पडते. अंदाज चुकल्यास मात्र पैसे पुरवठादाराकडे अडकतात किंवा थकबाकी साचते. म्हणून मीटरची नोंद वेळोवेळी कळवणे अगत्याचे. जादा शिल्लक ग्राहकास परत मागता येते. बदलत्या प्रकारात देयकाएवढीच रक्कम जाते, पण बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबास जानेवारी जड जातो. ऑफजेम या नियामकाने २०१९ पासून लागू केलेली दरमर्यादा देयक आल्यावर पैसे भरणाऱ्यांपेक्षा या ग्राहकांसाठी कमी असते. चुकून कापलेली रक्कम डायरेक्ट डेबिट हमीनुसार बँक तत्काळ परत करते.