अवतरणचिन्हातले नाव

निवृत्तिवेतनाच्या नोंदी संगणकावर आणताना एके दिवशी उत्तर आले : अशी सारणी अस्तित्वातच नाही! सारणी तर समोर दिसत होती.

१९९२ च्या एसक्यूएल प्रमाणानुसार अवतरणाविना लिहिलेले नाव मोठ्या रोमन अक्षरांतले मानतात. दुहेरी अवतरणातले जसेच्या तसे. ओरॅकल हे पाळते, पोस्टग्रेस मात्र उलट लहान अक्षरांकडे वळवते. (एसक्यूएल हे नावही मूळचे नव्हे, १९७४ चे ‘सीक्वेल’ दुसऱ्याच्या व्यापारचिन्हामुळे सोडावे लागले.)

आमच्या पोस्टग्रेसमध्ये कोणीतरी अवतरणात, आद्याक्षर मोठे ठेवून सारणीचे नामकरण केले होते. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसते. मला शंकाच आली नाही. दोन दिवस निवृत्तांचे अर्ज तसेच पडून राहिले.