तोफा गेल्या त्या वाटेनं

पुण्यात ऑफिसमध्ये आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. शनिवारी पहाटे सिंहगड, जोडून सुट्टी आली की पानशेतच्या जलाशयाला फेरी, नाहीतर राजगड-तोरण्याच्या पायथ्याची गावं. दोन वर्षांपूर्वी पानशेतच्या काठावर भजी खाताना एकानं मला सहज विचारलं, "तुमच्याकडे विदर्भात आहेत का रे किल्लेबिल्ले?"

मी परतवाड्याचा. आमच्या गच्चीवरून गाविलगडाचे डोंगर दिसतात. तरीही माझ्या तोंडून निघालं, "आहे एक. पण तिकडं फार काही घडलंय असं नाही."

हे वाक्य मला पुढं बरेच दिवस टोचत राहिलं. कारण शाळेत मी 'देवगावचा तह, १८०३' आणि 'सुर्जी-अंजनगावचा तह, १८०३' हे दोन्ही पाठ केले होते. परीक्षेत जोड्या लावा मध्ये आले, बरोबर लावले, पूर्ण मार्क मिळाले. अंजनगाव सुर्जी हे माझ्या मावशीचं गाव. दर उन्हाळ्यात मी तिथं पानपिंपरीच्या मळ्यात लपाछपी खेळायचो. पण पुस्तकातलं अंजनगाव आणि मावशीचं अंजनगाव हे एकच, हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझंही डोकं चाललं नाही. इतिहास पुण्या-साताऱ्याकडं घडतो आणि आपल्याकडं फक्त कापूस पिकतो, असं मनात पक्कं बसलं होतं.

म्हणून गेल्या डिसेंबरात घरून काम मागून घेतलं, सायकल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकली आणि परतवाड्याला आलो. बेत सोपा होता. १८०३ ची मोहीम दोन दिवसांत सायकलनं करायची. पहिल्या दिवशी अकोला जिल्ह्यातलं मैदान, दुसऱ्या दिवशी घाट, वरचे तलाव आणि किल्ला.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १८०२ च्या शेवटी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी वसईचा तह केला. तो दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना मान्य नव्हता. युद्ध पेटलं. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्यांचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली भोसल्यांच्या मागावर वऱ्हाडात उतरला. तोच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि बारा वर्षांनी वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. वऱ्हाडात आला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा.

पहिला दिवस अडगावपासून सुरू केला. अकोटच्या पश्चिमेला, तेल्हारा तालुक्यातलं हे गाव. इंग्रजी पुस्तकांत 'अरगाव' म्हणून येतं ते हेच. सायकल टेम्पोतून उतरवली तेव्हा सात वाजले होते. काळी जमीन, वेचणीला आलेली कपाशी, शेंगा धरलेली तूर आणि उत्तरेला सातपुड्याची सरळ रेघ. मैदान इतकं सपाट की सायकलला गिअर कशाला दिलेत असं वाटावं.

२९ नोव्हेंबर १८०३ ला दुपार कलल्यावर इथं लढाई झाली. भोसल्यांची फौज रघूजींचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू याच्या हाताखाली होती, शिंद्यांचं घोडदळ सोबतीला होतं. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. याच पलटणी असईला छातीठोकपणे लढल्या होत्या. वेलस्लीनं स्वतः पुढं होऊन त्यांना परत उभं केलं. आपण त्या वेळी जवळ नसतो तर हा दिवस हातचा गेला असता, अशा अर्थाचं त्यानंच नंतर लिहून ठेवलंय. पण तो जवळ होता. संध्याकाळपर्यंत मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या आणि चांदण्यात पाठलाग चालू राहिला.

शेताच्या बांधावर एक काका बसले होते. त्यांनी माझ्या हेल्मेटकडं बघत विचारलं, "काऊन बा, सर्वे करून राह्यला का?" मी लढाईचं सांगितलं. ते म्हणाले, "हाव, आयकलं हाय. नांगरताना गोळे निघत म्हनत जुने लोकं." मग लगेच कापसाचा भाव सांगायला लागले. त्यांचं बरोबरच होतं. भाव या वर्षीचा होता.

अडगावहून अकोट, तिथून अंजनगाव, मग परतवाडा. बायपास सोडून शेतातल्या पांदणरस्त्यांनी गेलो, कारण माझी माउंटन बाइक आहे आणि डांबरावर तिचे जाड टायर नुसते घूं घूं करत पाय दमवतात. अंजनगावला मावशीनं जेवायला थांबवलं. तिला सांगितलं की ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथला. ती म्हणाली, "आमच्या अंजनगावचा? मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आबाजी ओसरीवर बसले होते. आबाजी म्हणजे माझे आजोबा. ऐंशी पार केलेत. तरुणपणी ते परतवाड्याहून चिखलदऱ्याला बैलगाडीनं माल नेत. मी त्यांना दुसऱ्या दिवसाचा रस्ता सांगितला, धामणगाव गढीवरून वर. आणि तोफांची गोष्टही सांगितली.

ती अशी. अडगाव जिंकल्यावर इंग्रज अचलपूरला आले. समोर गाविलगड. १४२५ मध्ये अहमदशहा बहमनीनं हा किल्ला उभारला असं फिरिश्ता लिहितो. दक्षिणेकडून तो जवळजवळ उभा कडा आहे. उत्तरेला मात्र आजच्या चिखलदऱ्याच्या पठाराशी तो एका अरुंद मानेनं जोडलेला आहे. तट फोडायचा तर तिथूनच, आणि त्यासाठी जड तोफा डोंगर चढवून मागच्या बाजूला न्यायला हव्यात. हे काम कर्नल स्टीव्हन्सनकडं आलं. वेलस्ली खाली, दक्षिणेला राहिला.

७ डिसेंबरला स्टीव्हन्सननं अचलपूर सोडलं. धामणगावावरून डोंगरात शिरला. सुमारे ३० मैलांची वाट, तीही आधी स्वतः तयार करायची आणि मग तिच्यावरून तोफा ओढायच्या. १२ डिसेंबरला तो किल्ल्याच्या उत्तरेला पोचला. वेलस्लीनं कळवलंय की जवळजवळ सगळं अंतर जड तोफा आणि दारूगोळा माणसांनी हातांनी ओढून नेला. त्यात १८ पौंडी लोखंडी तोफा होत्या. १८ पौंड हे गोळ्याचं वजन. तोफेचं वजन दोन टनांच्या आसपास.

आबाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "चाकामागं दगड कोन लावे?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. चढावर भरलेली गाडी नेताना एक माणूस मागं चालतो, हातात मोठा दगड घेऊन. बैल थांबले की क्षणात चाकामागं दगड. चुकला तर गाडी उलटी दरीत, बैलांसकट. उतारावर याच्या उलट. गाडीला मागं लाकडाचा ओंडका बांधायचा, तो घसटत येतो आणि वेग धरू देत नाही. "माह्या गाडीत धा-बारा क्विंटल राहे," ते म्हणाले, "आन् मले रातभर झोप नाही येत जाय, सकाऊन घाट हाय म्हनून. तू दोन टन सांगून राह्यला."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. थंडी कडक होती. धामणगाव गढीपर्यंत संत्र्याच्या बागा आणि हलका चढ. त्यानंतर घाट सुरू होतो. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरच्या वर चढायचं असतं. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि वळणं मोजायला लागलो. नंतर मोजणं सोडलं.

आजचा डांबरी रस्ता इंजिनिअरांनी आखलाय, चढ सोसेल असा. तेव्हाची वाट अशी नसणार. एका वळणावर उतरून मी रस्त्याकडेच्या उतारावरून सायकल ढकलून पाहिली. सायकल चौदा किलोची. वीस-पंचवीस पावलांत धाप लागली, सुट्या मुरुमावरून बूट घसरला आणि दोन्ही ब्रेक दाबून तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात आबाजींचा दगड समजला.

या मोहिमेचे अहवाल वाचताना अधिकाऱ्यांची नावं भरपूर सापडतात. कुणी तोफखाना सांभाळला, कुणी तुकडी नेली, कुणाची शिफारस झाली. ओढणाऱ्यांसाठी मात्र 'फौज' हा एकच शब्द. स्टीव्हन्सनच्या हाताखाली बहुतेक माणसं इथलीच होती. हैदराबादच्या तैनाती फौजेतले शिपाई, बेलदार, खलाशी, बैलवाले. वर किल्ल्यातही इथलीच माणसं. म्हणजे एकानं ओढलेली तोफ दुसऱ्यावर डागायची आणि पत्राखाली सही तिसऱ्याची. मला त्यांचा राग येत नाही. पगारासाठी दुसऱ्याचं ओझं ओढणं काय असतं ते मलाही थोडंफार माहीत आहे. पण त्या घाटात माझे पाय भरून आले तेव्हा आठवण त्यांचीच आली, वेलस्लीची नाही.

मोथ्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. गवळ्यांचं गाव. हल्ली इकडं स्ट्रॉबेरीही होते. गाविलगडाच्या नावात हेच गवळी आहेत असं मानतात. गरम दूध प्यायलो आणि चिखलदऱ्यात शिरलो.

वर मजा आहे. शक्कर तलावाच्या कडेनं फिरलो. कुठं मातीची पायवाट, कुठं मुळांचे उंचवटे, पलीकडच्या काठावर बोटिंगचा गलका. पंचबोल पॉइंटपर्यंत जाऊन आलो. भीमकुंडाच्या दरीला कीचकाची गोष्ट चिकटलीय. भीमानं त्याला मारून इथं टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. एक सूचना, इथं सायकल आणणाऱ्यांसाठी. आजूबाजूचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं आहे. रस्ता सोडून परवानगीशिवाय आत घुसू नका. वाघाला आपला हेल्मेट कॅमेरा कळत नाही.

किल्ल्याच्या दाराशी सायकल लावली आणि चालत आत गेलो. दिल्ली दरवाजावर सिंह, हत्ती आणि दुतोंडी गंडभेरुंड कोरलेले आहेत. गंडभेरुंड मूळचा विजयनगरकडचा. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेहुल्ला विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मण, लहानपणी युद्धात पकडून आणलेला. त्याची खूण सातपुड्याच्या माथ्यावर दगडात आहे. आणि मी सांगत होतो, तिकडं फार काही घडलं नाही.

आत देवतलाव आहे. डोंगरमाथ्यावरचं पाणी. असे तलाव होते म्हणूनच एवढ्या उंचीवर फौज राहू शकली. काठावर बराच वेळ बसलो. १३ डिसेंबरला उत्तरेच्या तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. १५ ला सकाळी हल्ला झाला. आतल्या किल्ल्याला खिंडार नव्हतं. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तटावर चढली आणि तिनं आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग दाराशी लढताना मारला गेला. त्याच्या घरातल्या स्त्रियांचा जोहार अर्धवट राहिला. काही मेल्या, काही जखमी अवस्थेत वाचल्या. त्या वाचलेल्यांचं पुढं काय झालं असेल, हे मनातून जात नाही.

आणि मग १७ डिसेंबर. अवघ्या दोन दिवसांनी देवगावचा तह. भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. पण गाविलगड आणि नरनाळा, भोवतालच्या परगण्यांसह, त्यांच्याकडंच राहिले. सहा दिवस तोफा ओढल्या, शेकडो माणसं मेली आणि किल्ला जिंकून परत दिला. भोसल्यांचं वऱ्हाड नंतर १८२२ मध्ये निजामाकडं गेलं, १८५३ मध्ये निजामानं ते कंपनीच्या हवाली केलं. जोड्या लावा मध्ये हे येत नाही. तिथं फक्त तहाचं नाव आणि साल असतं.

मागं पोरापोरींचा एक घोळका रील बनवत होता. आधी मला राग आला. मग वाटलं, मी तरी काय करत होतो? मघाशी तटावर सायकलचे फोटो काढावेत म्हणून ती आत नेता येईल का, हे मीच दारावर विचारलं होतं.

उतरताना ब्रेक गरम झाले. दोनदा थांबून निववले. त्या रात्री ग्रुपवर दोन्ही दिवसांचा रूट टाकला आणि खाली लिहिलं, 'विदर्भात किल्लेबिल्ले आहेत. डिसेंबरात या, जेवण आमच्याकडं.' भजीवाल्या मित्रानं अंगठा दाखवला आणि विचारलं, "चढ किती?"

आबाजींनीही तेच विचारलं होतं, त्यांच्या पद्धतीनं. "किती वेळ लागला बे वर जायाले?"

"चार तास."

"आन् त्यायले?"

"सहा दिवस."

ते जरा वेळ हिशेब करत बसले. मग म्हणाले, "मंग मानसं चांगले होते."